देवाच्या हाती सगळं आहे म्हणता, मग रात्री झोप काहून येत नाही? रोजच्या जगण्यात भरवसा ठेवायची रीत

चर्चमध्ये आपण सगळेच म्हणतो की प्रभू राजा आहे, त्याच्या हाताबाहेर काहीच नाही, आणि घरी आलो की मोबाईलवर पावसाचा अंदाज दहादा पाहतो, सोयाबीनचा भाव पाहतो, पोरीच्या स्थळाकडून फोन आला नाही म्हणून घरातल्यांवर चिडतो. म्हणून काही आपला विश्वास खोटा ठरत नाही. तो सोमवारी वावरात, दवाखान्यात, सोसायटीच्या ऑफिसात कसा वापरायचा हे आपल्याला कोणी बसवून शिकवलेलं नसतं, एवढंच. हा लेख त्यासाठीच आहे, कोरडवाहू शेती, कर्ज, आजारपण, लग्नकार्य याच्यात अडकलेल्या आपल्यासारख्या विश्वासणाऱ्यांसाठी. पायऱ्या क्रमाने दिल्या आहेत, पण तुमच्या घरी सध्या जे चालू आहे तिथून वाचायला सुरुवात केली तरी चालेल. फक्त पहिली पायरी सोडू नका.

आधी डोक्यातला गोंधळ काढा

गावात शेजारीपाजारी नशीब म्हणतात, आपण देवाची इच्छा म्हणतो, आणि खरं सांगायचं तर बरेचदा दोघांच्याही मनात एकच असतं, की जे व्हायचं ते होणारच, आपण काय करणार बाप्पा. ही ख्रिस्ती शिकवण नाही. नशिबाशी बोलता येत नाही, भांडता येत नाही, नशिबाला तुमच्या लेकराचं नाव ठाऊक नसतं. मत्तय १० मध्ये येशू शिष्यांना सांगतो की दोन चिमण्या एका दमडीला विकल्या जातात तरी त्यातली एकही तुमच्या पित्याच्या नकळत पडत नाही, आणि हे तो कोणाला सांगतोय, तर ज्यांना पुढे मार खायचा आहे, कोर्टात उभं राहायचं आहे अशांना. म्हणजे सत्ता आहे ती बापाची आहे.

जर्मनीतल्या हायडेलबर्गमध्ये १५६३ साली विश्वासाची एक प्रश्नोत्तरी छापली गेली. त्यात देव जग कसं चालवतो हे सांगताना जी यादी दिली आहे तिच्यात पाऊस आणि दुष्काळ, पिकाची वर्षं आणि नापिकीची वर्षं अगदी वरच आहेत, मग खाणंपिणं, आरोग्य-आजार, श्रीमंती-गरिबी. मला हे भारी वाटतं, कारण आपल्याकडेही देवाबद्दलचे सगळे प्रश्न शेवटी पावसापाशीच येऊन थांबतात. आणि पुढचाच प्रश्न असा की हे माहीत असून फायदा काय? उत्तर साधारण असं, की संकटात धीर धरता येतो, चांगल्या दिवसात उपकार मानता येतात आणि पुढच्या दिवसांसाठी बापावर भरवसा ठेवता येतो. खालच्या सगळ्या पायऱ्या या तीन गोष्टींतच बसतात.

अजून एक गोष्ट इथेच पक्की करून घ्या. देवाची सगळ्यावर सत्ता आहे म्हणून वाईट करणारा माणूस निर्दोष होत नाही. योसेफाला त्याच्या भावांनी २० रुप्यांना विकलं, तेव्हा तो १७ वर्षांचा होता, आणि फारोपुढे उभा राहिला तेव्हा ३० चा. उत्पत्ती ५०:२० मध्ये तो भावांना तोंडावर सांगतो की तुमचा बेत वाईटाचा होता, देवाचा चांगल्याचा. एकाच वाक्यात दोन्ही आहे, भावांची चूक पण झाकली नाही आणि देवाचा हात पण सोडला नाही. त्यामुळे कोणी तुम्हाला बोगस बियाणं विकलं तर "देवाचीच मर्जी" म्हणून घरी बसू नका, पावती आणि पिशवी जपून ठेवा, कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. पौलाला फटके मारायला बांधलं तेव्हा त्याने स्वतःचं रोमी नागरिकत्व सांगितलं, आणि पुढे कैसराकडे, म्हणजे रोमच्या बादशहाकडे, अपीलही केलं. तो काय कमी विश्वासाचा होता?

वहीत दोन रकाने पाडा

हे काम मृगाच्या आधी केलेलं बरं. लेकराची जुनी वही घ्या, मधून रेघ ओढा. डावीकडे आपल्या हातात काय आहे ते, उजवीकडे आपल्या हातात नाही ते. सोपं वाटतं पण लिहायला बसलं की कळतं आपण किती गोष्टी उलट्या रकान्यात धरून बसलो होतो ते.

डावीकडे उदाहरणार्थ असं येईल: घरच्या सोयाबीनची उगवण तपासणं, म्हणजे १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे आणि ७० किंवा जास्त उगवले तर ते बियाणं पेरायला ठीक. पहिल्या सरीला घाई न करणं, चांगला ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमीन ओली झाल्याशिवाय तिफण न काढणं, नाहीतर दुबार पेरणी ठरलेली. पीकविम्याचा फॉर्म मुदतीच्या आत भरणं. सोसायटीचं पीककर्ज वेळेत नवंजुनं करणं. कपाशीत तुरीची ओळ टाकणं. उजवीकडे: पाऊस कधी खंड देईल, बाजारात भाव काय निघेल, सरकार आयात-निर्यातीचं काय ठरवेल, सासऱ्यांची तब्येत.

काही गोष्टी दोन्हीकडे येतात. गुलाबी बोंडअळीचंच घ्या. २०१७ ला तिने विदर्भातल्या कपाशीचं काय केलं ते सगळ्यांना आठवतं, आणि अळी यावी की न यावी हे आपल्या हातात नाही. पण कामगंध सापळे (मादीच्या वासाने पतंग पकडणारे) लावणं, फरदडीच्या, म्हणजे वेचणी झालेल्या झाडावरच परत बोंडं घ्यायच्या, लोभात पडून उन्हाळ्यापर्यंत पऱ्हाटी उभी न ठेवणं, हे तर आपल्याच हातात आहे ना? मग ते डावीकडे लिहा.

आता वापरायचं कसं. डावीकडच्या प्रत्येक ओळीपुढे तारीख टाका, कोण करणार ते लिहा, आणि करायला बळ दे म्हणून प्रार्थना करा. उजवीकडची ओळ घरातल्या सगळ्यांनी मिळून मोठ्याने नाव घेऊन देवाला द्यायची आणि तिच्यापुढे "दिलं" असं लिहायचं. रात्री दोन वाजता तीच काळजी परत छातीवर बसली (बसतेच) तर नवीन लांबलचक प्रार्थना सुरू करू नका, त्याने झोप अजून उडते. "प्रभू, हे तुला दिलेलं आहे" एवढं म्हणा आणि कूस बदला. दर शनिवारी संध्याकाळी वही उघडा, कारण आठवड्यात काही ओळी इकडच्या तिकडे होतात.

यावर हटकून एक प्रश्न येतो, की सगळं देवानेच ठरवलं आहे तर डावा रकाना कशाला? याचं मला सापडलेलं सगळ्यात चांगलं उत्तर प्रेषितांची कृत्ये २७ मध्ये आहे. पौल जहाजात आहे, वादळ चालू आहे, जहाजावर २७६ माणसं. देवाने त्याला आधीच सांगितलं आहे की एकाचाही जीव जाणार नाही. पक्कं वचन. तरीही खलाशी होडी सोडून गुपचूप पळायला लागले तेव्हा पौल शताधिपतीला सांगतो की हे जहाजावर राहिले नाही तर तुम्ही वाचणार नाही! मग शिपायांनी होडीचे दोर कापले. आणि त्याच पौलाने १४ दिवसांच्या उपाशी लोकांना भाकर खायला लावली. वचन देवाचं, दोर कापणारे शिपाई, भाकर खाणारे प्रवासी, आणि सगळे वाचले ते असे. देव शेवट ठरवतो तेव्हा तिथे पोचायचा रस्ता पण ठरवतो, आणि त्या रस्त्यात तुमची वखरणी, डवरणी, फॉर्म, पावती सगळं येतं.

सकाळ

यात फार सांगण्यासारखं नाही. मोबाईल हातात घ्यायच्या आधी पाच मिनिटं. याकोबाच्या पत्राच्या चौथ्या अध्यायात आहे तसं, आज काय काय करायचं ठरलं आहे ते एकेक करून देवासमोर बोला आणि म्हणा की तुझी इच्छा असेल तर आम्ही जगू आणि हे करू. मजूर येणार का, मोटर चालेल का, रात्रीची लाईन आहे की दिवसाची, सगळं. नुसतं बोलायची सवय म्हणून "प्रभूची इच्छा" लावत बसू नका, खरंच बेत बदलला तर चिडणार नाही इतकं मनाला तयार करा. वावरात बायांसोबत निंदायला जायचं असेल आणि वेळ नसेल तर चालता चालता करा, देवाला त्याचं काही नाही.

पीक गेलं, माणूस गेलं, तेव्हा

इथे जरा थांबून वाचा, कारण आपल्या मंडळ्यांत इथेच जास्त गडबड होते. भरवसा म्हणजे रडायचं नाही असा एक समज बसला आहे. प्रार्थनेला गेलं की लगेच "हालेलुया म्हणा, सैतानाला लाजवा". असं नसतं हो.

हबक्कूक संदेष्ट्याचं छोटंसं पुस्तक काढा, तीनच अध्याय आहेत. शेवटी तो म्हणतो की अंजिराला फूल नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, जैतुनाचं उत्पन्न बुडालं, शेतात अन्न नाही, वाड्यात मेंढरं नाहीत, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. हे वाचन आपण उपकारस्तुतीला घेतो आणि वाचून पुढे जातो. पण पहिला अध्याय सुरू कसा होतो पाहा, तो देवाला विचारतो की मी किती वेळ ओरडू आणि तू ऐकणार नाहीस? आणि आनंदाच्या ओळीच्या अगदी आधी तो सांगतो की त्याचं अंग थरथरतंय, ओठ कापताहेत. थरथरणाऱ्या माणसानेच ती ओळ म्हटली आहे.

करायचं असं. पहिल्यांदा ती सहा नावं काढून स्वतःची टाका: पऱ्हाटीला बोंड धरलं नाही, तुरीवर धुवारी पडली, संत्र्याचा बहार गळला, सोयाबीनच्या गंजीला पावसात कोंब फुटले, बैल विकावा लागला, सोसायटीची नोटीस आली. लिहून काढा, कमीजास्त करू नका. मग तेराव्या स्तोत्राच्या चालीने जा, ते सहाच ओव्यांचं आहे. आधी तक्रार, सरळ देवाकडे, "किती दिवस?" असं विचारत. मग मागणं, नेमकं, अमुक तारखेपर्यंत एवढे पैसे, अमुक माणसाचं मन. मग जे अजून धरून ठेवता येतं ते एक वाक्य. तिसरं वाक्य नाही आलं तर नाही आलं, ओढूनताणून आणू नका. ८८ वं स्तोत्र शेवटपर्यंत अंधारातच राहतं, तरी ते पवित्र शास्त्रात आहे आणि तरी ती प्रार्थनाच आहे. ज्याला देव सत्ताधारी वाटत नाही तो त्याच्याकडे तक्रार घेऊन कशाला जाईल?

आणि एक गोष्ट अगदी साफ सांगतो. घरातलं कोणी गप्प गप्प राहायला लागलं, जगण्यात अर्थ नाही असं बोललं, तर नुसती प्रार्थना करून निघून येऊ नका. त्याच्याजवळ बसा, त्याला एकटं सोडू नका, सरळ विचारा. फवारणीचं औषध घरात ठेवू नका, दुसऱ्याकडे कुलुपात ठेवा. टेली मानस या मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाईनचा नंबर १४४१६ आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीतही बोलता येतं. सरकारी दवाखान्यात दाखवा. हे सगळं डाव्या रकान्यातलं काम आहे.

दवाखाना

हिज्कीया राजा मरणाला टेकला होता. देवाने यशया संदेष्ट्याकडून निरोप पाठवला की तुझं आयुष्य १५ वर्षांनी वाढवलं आहे. आणि त्यानंतर लगेच यशया काय म्हणतो, अंजिरांचा लेप आणा, गळवावर लावा (२ राजे २०). वचन मिळाल्यावरही लेप लावला! म्हणून कोणी मीटिंगमध्ये सांगितलं की विश्वास असेल तर शुगरच्या, बीपीच्या गोळ्या फेकून द्या, तर त्या माणसाचं ऐकू नका, मग तो कितीही मोठा प्रचारक असो. वावरात साप चावला तर झाडफूक करणाऱ्याकडे नाही आणि प्रार्थनेसाठी पाळकांच्या घरीही नाही, सरळ ग्रामीण रुग्णालय, जिथे प्रतिसर्प लस आहे तिथे. प्रार्थना गाडीत बसून करा, पाळकसाहेबांना फोनवर सांगा.

आणि उपचार करूनही माणूस वाचला नाही तर "आमचा विश्वास कमी पडला" असं कोणाला म्हणू देऊ नका. गेथशेमाने बागेत येशूनेही मागितलं होतं की हा प्याला, म्हणजे पुढचं दुःख आणि मरण, टळू दे, आणि तो टळला नाही.

दुसऱ्याच्या दारात गेल्यावर

स्वतःच्या दुःखात देवाच्या सत्तेवर टेकणं वेगळं आणि दुसऱ्याच्या दुःखात ती त्याच्या अंगावर फेकणं वेगळं. मयतीच्या घरी, ओटीवर बसल्या बसल्या लोक काय बोलतात ते ऐकलं असेल, देवाला तो जास्त आवडला, देवाने याच्यातून तुम्हाला शिकवलं, काहीतरी पाप असेल. ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तेवढंच त्यांचं बरोबर होतं, तोंड उघडलं आणि बिघडलं, शेवटी देवाने त्यांनाच झापलं. लूक १३ मध्ये शिलोहाचा बुरूज पडून १८ जण मेले, तेव्हा येशूने स्पष्ट सांगितलं की ते बाकीच्यांपेक्षा जास्त पापी नव्हते.

आपल्या नागपूरचंच उदाहरण आहे. मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४० च्या दशकात स्कॉटलंडहून आले, शाळा काढली, गोंडांची भाषा-परंपरा टिपून ठेवली, इथल्या दगडमातीचा अभ्यास केला. सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाटकडची जुनी दगडी वर्तुळं पाहून परत येताना पूर आलेल्या पाण्यात बुडून गेले, वयाची पन्नाशीही झाली नव्हती. पुढे त्यांच्या नावाचं कॉलेज उभं राहिलं. आता कोणी म्हणेल की बघा, त्यातूनही देवाने चांगलं केलं. केलं असेलच. पण कॉलेज झालं म्हणून बुडणं बरं झालं असा हिशेब त्यांच्या बायकोसमोर मांडायची हिंमत कोणाची होती? मला तरी असा हिशेब पटत नाही. अनुवाद २९:२९ म्हणतं की गुप्त गोष्टी देवाच्या आहेत. आपल्याला कळलेलं सांगावं, न कळलेलं त्याच्याकडेच राहू द्यावं.

मग करायचं काय? डबा न्या, दोन वेळचा. ढोरांचं चारापाणी पाहा. तहसीलमध्ये कागदाच्या लाईनीत त्या घरच्या बाईसोबत उभे राहा, तिला एकटीला हेलपाटे घालू देऊ नका. बोलायचंच असेल तर "काकू, आम्ही आहोत" एवढं पुरे. तेराव्या-चौदाव्या दिवशी सगळे विसरतात, महिन्याने परत जा.

निर्णय घ्यायचा असतो तेव्हा

एक एकर विकायचं का, पोराला पुण्याला कंपनीत पाठवायचं का, मुलीचं स्थळ कोणतं. यात लोक देवाची इच्छा शोधायला चिठ्ठ्या टाकतात, डोळे मिटून बायबल उघडून बोट ठेवतात. मला हा प्रकार बरा वाटत नाही, कारण मनासारखी ओवी निघेपर्यंत पानं उलटत राहणं हे देवाचं ऐकणं थोडीच आहे. त्यापेक्षा असं करा: शास्त्रात जे सरळ मना केलं आहे ते आधी बाजूला काढा (हुंडा घेऊन, खोटं वय सांगून केलेल्या लग्नात देवाची इच्छा शोधू नका). ज्यांना अनुभव आहे अशा दोन-तीन जणांना विचारा, त्यात एक तुमच्याशी न पटणारा असू द्या. आकडे कागदावर मांडा. पोरीचं लग्न असेल तर पोरीला विचारा, हे वेगळं सांगायला लागू नये पण लागतं. प्रार्थना करा, मुदत ठरवा आणि निर्णय घेऊन टाका. नीतिसूत्रे १६:९ सांगतं की माणूस मनात मार्ग योजतो, पावलं परमेश्वर चालवतो. म्हणजे तुमचा निर्णय थोडा चुकला तरी तुम्ही देवाच्या हातातून निसटून कुठे जाणार?

बरेचदा देवाचं काम त्या वेळी दिसतही नाही. रूथ सरवा वेचायला गेली आणि योगायोगाने बवाजाच्याच, म्हणजे पुढे तिचा नवरा झाला त्याच्याच, शेतात पोचली, पुस्तकात तसंच लिहिलं आहे, जणू सहज घडलं. कवी नारायण वामन टिळक कामधंद्यासाठी आगगाडीने राजनांदगावला निघाले होते, गाडीत एका अनोळखी मिशनऱ्याशी गप्पा झाल्या आणि त्याने हातात नवा करार दिला. १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा. डब्यात बाकीचे लोक काय समजले असतील, दोन माणसं टाईमपास करताहेत. पण त्या बाप्तिस्म्यापायी त्यांची बायको लक्ष्मीबाई लेकराला घेऊन काही वर्षं वेगळ्या राहिल्या, केवढं सोसलं त्यांनी, हेही विसरायचं नाही. १९०० मध्ये त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा झाला.

आणि चांगलं वर्ष आलं तर

याच्यावर कोणी बोलत नाही, पण भरवसा खरा सुटतो तो इथे. कापसाला भाव लागला, पहिल्याच वेच्यात गाडी भरली, की वही कपाटात जाते आणि चौकात गाडीची चौकशी सुरू होते. अनुवाद ८ मध्ये देवाने इस्राएलला आधीच बजावलं होतं की पोट भरल्यावर "माझ्याच हाताच्या बळाने मिळवलं" म्हणू नका, मिळवायची ताकद देणारा तो आहे. योसेफाने सात चांगल्या वर्षांत मिसरात पाचवा हिस्सा साठवून ठेवला होता, कारण पुढची सात कशी येणार ते त्याला कळलं होतं. आपल्याला कळलेलं नाही, म्हणून तर जास्त साठवायला पाहिजे.

पट्टी (माल विकल्याचा हिशेब आणि पैसे) हातात आली की त्याच दिवशी, घरी पोचायच्या आधी, चार हिस्से बाजूला काढा: देवाचा, सोसायटीचा, पुढच्या बियाण्याचा, आणि ज्याच्याकडे यंदा पिकलं नाही अशा एका घराचा, मग ते घर आपल्या मंडळीतलं असो नाहीतर शेजारच्या गल्लीतलं. उरलेल्यात लेकरांना कपडे घ्या, जिलेबी आणा, खुशाल खा. मग तीच वही काढा, उजव्या रकान्यात "दिलं" लिहिलेल्या जुन्या ओळी घरच्यांना वाचून दाखवा आणि प्रत्येकीपुढे काय झालं ते लिहा, मनासारखं झालं ते पण, नाही झालं ते पण, आणि ज्याचं अजून काहीच झालं नाही ती ओळ नव्या पानावर उतरवून घ्या.